फ्लॉरेन्सचा घुमट फक्त खालून दाखवू नका

महोदय,

उन्हाळी युरोप सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या अंकात रोज येत आहेत. बहुतेक सहलींत फ्लॉरेन्सला जेमतेम अर्धा दिवस मिळतो आणि सांता मारिया देल फिओरे या चर्चसमोर ‘फोटो स्टॉप’ असतो. आम्हीही अशाच एका सहलीला गेलो होतो. घुमटावर जाता येईल का, असं मी विचारलं, तेव्हा ‘काका, वर काही नाही, नुसते जिने आहेत’ असं उत्तर मिळालं. नंतर मुलाकडे जर्मनीला गेलो असताना मुद्दाम वाट वाकडी करून फ्लॉरेन्स गाठलं आणि घुमट चढलो. खरं बघण्यासारखं आहे ते त्या जिन्यांतच, म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात झाली. सेंटरिंगशिवाय, म्हणजे ओलं बांधकाम पेलणाऱ्या तात्पुरत्या आधाराशिवाय, साधा छज्जाही ओतता येत नाही, हे कुणीही मिस्त्री सांगेल. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात सुमारे ४५ मीटर रुंदीचा हा अष्टकोनी घुमट जमिनीवरून सेंटरिंग न उभारता बांधला. मूळचा तो सोनार! चौकात उभं राहून यातलं काही कळत नाही, लाल कौलं तेवढी दिसतात. घुमट दुहेरी आहे. आत जाड कवच, बाहेर पातळ, आणि जिना जातो तो या दोन कवचांच्या मधून. तिथे विटांचे आडवे थर दिसतात आणि मध्येच ठरावीक अंतराने उभी लावलेली वीट. वर जाताना भिंत आत झुकत जाते, चुना ओला असतो, तेव्हा ताजा थर घसरू नये म्हणून ही उभी वीट त्याला अडवून धरते. मी त्या विटांवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. मागच्या माणसांनी बिचाऱ्यांनी समजून घेतलं.

पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. वाटेत घुमटाच्या आतल्या कडेने एक सज्जा लागतो. वसारी आणि झुक्कारी या चित्रकारांनी १५७२ ते १५७९ मध्ये घुमटाच्या आत रंगवलेला ‘अंतिम निवाडा’ तिथून इतका जवळ येतो, की नरकातली पिशाच्चं खालून दिसतात त्याच्या कितीतरी पट मोठी आहेत हे तिथेच कळतं. शेवटच्या टप्प्यात पायऱ्या आतल्या कवचाच्या पाठीवरून चढतात. डोक्यावर बाहेरचं कवच कललेलं, त्यामुळे मान तिरकी करून चढावं लागतं. उतरणाऱ्यांना वाट द्यायला मी भिंतीला चिकटून उभा राहिलो.

हृदयविकार, दमा किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी जाऊ नये, हे स्पष्ट सांगायलाच हवं. पत्नीचे गुडघे दुखतात म्हणून ती चर्चमागच्या संग्रहालयात गेली. तिथे घुमटाची जुनी लाकडी प्रतिकृती आहे, शिल्पकार गिबर्टीचे मूळ ब्राँझचे दरवाजे आहेत. तिचा वेळ वाया गेला नाही. रोमला सेंट पीटरच्या घुमटाला निदान गच्चीपर्यंत लिफ्ट आहे, तरी पुढे ३२० पायऱ्या उरतातच. पण विजापूरच्या गोल घुमटाचे जिने चढून सज्जात आवाज घुमवणारी, साठीनंतरही रायगड पायी चढणारी आपली माणसं. त्यांना न विचारताच ‘वर काही नाही’ असं का ठरवायचं?

अडचण एवढीच आहे, की या घुमटासाठी तारीख आणि वेळ ठरवून आधी आरक्षण करावं लागतं. तेव्हा सहल कंपन्यांनी नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला विचारावं, पायऱ्यांचा आकडा पत्रकात छापावा आणि न चढणाऱ्यांसाठी संग्रहालयाची सोय करावी. वाचकांनीही पैसे भरण्यापूर्वीच हा प्रश्न विचारावा. चौकात पोहोचल्यावर विचारून उपयोग होत नाही.

– एक निवृत्त उपअभियंता, सांगली