पाणी साचणाऱ्या लॉनसाठी एक आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

लॉनवर पाणी साचतं म्हटलं की जो तो वाळू टाकायला सांगतो. तुम्ही आधी विचारलंत, "पाणी काढून सोडणार कुठे?" हे आभार मुख्यतः त्या एका प्रश्नासाठी. चिकण मातीत खणलेला शोषखड्डा हौदासारखा भरून राहतो. पाणी वाहून नेणाऱ्या चराचं तोंड सखल जागी मोकळं निघणार नसेल, तर चर खणण्यात अर्थच नाही.

वाळूचा नादही तुम्हीच सोडवलात. निम्म्याहून जास्त वाळू पडली तरच फरक दिसतो. थोडी घातली की तिच्या कणांमधल्या फटी चिकण माती बुजवते आणि वाळल्यावर टणक थर धरतो. जिप्समचा उपयोग चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या जमिनीत, तोही माती तपासून घेतल्यावर.

चराची मापं आता तोंडपाठ आहेत: रुंदी 25 सेंटिमीटर, खोली 45 ते 60, उतार मीटरमागे किमान 1 सेंटिमीटर. जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड अख्ख्या चराला आतून लावायचं, तळाला धुतलेली 20 मिलिमीटर खडी, तिच्यावर 100 मिलिमीटरचा छिद्रांचा पाईप. छिद्रं खाली, कारण चरात पाणी तळातून वर चढतं. पुन्हा खडी, कापडाची घडी आणि वर माती.

सगळ्यात मोलाचं सांगणं मात्र वाफशाचं, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असतानाच खणण्याचं. ओल्या चिकण मातीत फावडं चाललं की चराची भिंत गुळगुळीत होते, चकाकते, आणि त्या लिंपणातून पाणी आत शिरतच नाही. मूठभर माती दाबून गोळा करायचा. टिचकीने फुटला तरच खणायला घ्यायचं. तरी भिंत चकाकलीच, तर बागकामाच्या दातेरी काट्याने खरवडायची.

गवताखालची दबलेली माती मोकळी करायला पोकळ दात्यांचं यंत्र, 8 ते 10 सेंटिमीटर खोल. (खिळ्यांचे बूट घालून नाचणाऱ्यांनी हे जरूर वाचावं: भरीव खिळा माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबतो.) मग अर्धा सेंटिमीटर चाळलेलं कंपोस्ट पसरून झाडूने भोकांत लोटायचं. हे दरवर्षी करावं लागतं, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत.

पाईपच्या वरच्या टोकाला झाकण असलेला पाईपचा उभा तुकडा बसवलाय. गाळ साचला की तिथूनच नळी घालून धुता येईल.

आपले ऋणी,
बागेची निगा राखणारे आम्ही सगळे