चिठ्ठी डॉक्टरांची, पथ्य घराचं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की ‘सकारात्मक राहा’ छापाचे सल्ले सगळीकडे झळकतात. ज्या घरात कुणाला नैराश्याच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात, त्या घराला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. आणि उपचार तुटतात ते बहुधा तिथेच.

या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. मळमळ, अस्वस्थपणा, झोप उडणं मात्र पहिल्याच आठवड्यात. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की ‘सोसत नाहीत’ म्हणून पाकीट कपाटात जातं. ज्यांनी हा टप्पा ओलांडला, ते बरं वाटताच ‘सवय लागेल’ या भीतीने गोळी बंद करतात. अचानक थांबवलं की चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात झिणझिण्या येतात. मग ‘बघा, लागलीच सवय’ असा उलटाच अर्थ निघतो. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करायची, एवढं चिठ्ठीवरच लिहून द्यायला काय हरकत आहे? लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्यांना तर उपवासाबद्दलही बजावायला हवं. निर्जळी उपवासात किंवा मीठ अचानक तोडल्यावर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधेपर्यंत मजल जाऊ शकते. अंगारा-धुपारा करायचा तर खुशाल करावा, भांडण गोळी चुकवण्याशी आहे.

घरचे ‘जरा फिरून ये, योगा कर’ म्हणतात. अंथरुणातून उठवत नाही त्या माणसाला हे डोंगराएवढं वाटतं. त्यापेक्षा रोज ठरल्या वेळी उठवावं, दहा मिनिटं सोबत अंगणात बसावं, गवारीच्या चार शेंगा मोडायला पुढ्यात ठेवाव्यात. चारच मोडल्या तरी चालेल. ‘मन लागलं की करीन’ म्हणत थांबलं तर मन लागत नाही. आधी हात हलतो, मन मागून येतं. आणि सततच्या थकव्यामागे थायरॉइड किंवा रक्तक्षय नाही ना, हेही एकदा तपासून घ्यावं.

‘जगणं नको वाटतं का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नये आणि लगेच डॉक्टर गाठावा. गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात, आठवड्यापुरत्याच आणाव्यात. शेतकऱ्याच्या घरी फवारणीचं औषध कुलपात असावं, किल्ली दुसऱ्याकडे. तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. कुलूप तेवढा वेळ मिळवून देतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

पोलीस केसच्या धाकाने विष घेतलेल्याला ‘चुकून प्यायला’ असं सांगून दाखल करतात. मग पोट धुऊन घरी पाठवलं जातं, मनाची विचारपूस राहून जाते. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं आणि त्याच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं, दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. हे अपघात विभागाच्या दारावर मराठीत ठळक लावावं, आणि सरकारी दवाखान्यातल्या औषध खिडकीवर गोळ्यांसोबत वरच्या सूचनांचा अर्ध्या पानाचा कागद द्यावा. आरोग्य विभागाला याला फारसा खर्च येणार नाही.

– एक मानसोपचार समाजसेविका, नाशिक