बाबांची पॅन्ट कोरडी आली, काका

काका,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री नागपुरात पाऊस कसा झोडपत होता ते तुम्ही वाडीत पाहिलंच असेल. बाबा तेव्हा भंडाऱ्याहून तांदूळ भरून येत होते. मौद्यापासून पारडीपर्यंत वायपर एक मिनिट थांबला नाही म्हणाले. कळमन्यात माल उतरवून पहाटे पाचला घरी आले. आईनं दार उघडलं आणि तोंडाकडे न बघता आधी पॅन्टकडे बघितलं. कोरडी! उजवा गुडघासुद्धा कोरडा. आईनं मला झोपेतून उठवून ही बातमी दिली, जशी कोणी पोराच्या निकालाची देते.

म्हणून हे पत्र, आमच्या ट्रकच्या काचेची गळती तुम्ही बंद केलीत त्याच्या आभाराचं. फोन केला तर तुम्ही "बरं बरं, झालं ना मग" म्हणून ठेवून देता. नाव लिहू नको म्हणाला होता, नाही लिहीत. ज्यांना ओळखायचं ते शेडवरच्या कडुनिंबावरून ओळखतील.

आमची टाटा ४०७ म्हणजे बाबांचा जीव आहे, हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. ही गाडी १९८६ साली बाजारात आली तेव्हा बाबा दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर होते. स्वतःची घ्यायला सतरा वर्षं लागली. २००३ चं मॉडेल, दरवर्षी फिटनेसला जाते आणि मान वर करून परत येते. या मे महिन्यात उमरेड रोडवर एका टिप्परच्या चाकाखालून दगड उडाला आणि पुढच्या काचेवर कोळ्याचं जाळं पसरलं. पुढच्या काचेत दोन थरांमध्ये पडदा असतो म्हणून ती तडकली पण बाबांच्या अंगावर आली नाही. त्याचे आभार ज्याचे त्याला मी वेगळे मानलेत.

नवी काच एका मोठ्या, चकचकीत दुकानात बसवली. एसीत बसायला खुर्च्या, प्यायला थंड पाणी, बिलावर रंगीत शिक्का. जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि डॅशबोर्डखालून पाणी टपकायला लागलं, नेमकं बाबांच्या उजव्या गुडघ्यावर. दोनदा फोन उचलला, तिसऱ्यांदा नाही. मग दुसऱ्या एकानं काचेच्या खालच्या कडेला बाहेरून सिलिकॉनची जाड पट्टी ओढली. केबिनमध्ये चार दिवस व्हिनेगरसारखा आंबट वास, आणि पुढच्या पावसात पाणी आधीपेक्षा दुप्पट. तिसऱ्यानं गाडीला हातच लावला नाही. लांबूनच म्हणाला, "दाराची काच उघडी राहत असन. वयानं होते असं." मग हसला.

ते हसणं मला अजून जात नाही.

माझे बाबा इतकी वर्षं स्टीअरिंगवर आहेत. पाणी दारातून येतं की काचेतून, हे त्यांना कळत नाही? पण ते काही बोलले नाहीत. घरी येऊन म्हणाले, "जाऊ दे ना माय, म्हातारी गाडी आहे, गळन थोडंसं." आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाची प्लास्टिकची पिशवी कापून गुडघ्याला सुतळीनं बांधायला लागले. आधीच गुडघेदुखी, त्यात रात्रभर गार पाणी. एकदा फ्यूज बॉक्समध्ये पाणी गेलं आणि कुहीच्या रस्त्यावर भर पावसात हेडलाइट बंद पडले. तेव्हा मी ठरवलं की आता भांडायला मी जाणार.

परवा तान्ह्या पोळ्याला मारबत पाहायला गेले होते, गावातली इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची ती मिरवणूक. "घेऊन जा गे मारबत" ओरडताना माझ्या मनात कोण कोण होतं ते इथे लिहीत नाही. मारबतीसोबतचा पुरुषाचा पुतळा, बडग्या, करायला मिळाला असता तर मात्र हातात सिलिकॉनची ट्यूब नक्की दिली असती.

तर, तुमच्याकडे मी आले ती भांडायच्याच तयारीनं. बिलं फाइलमध्ये लावून आणली होती, मोबाइलमध्ये व्हिडिओ होते. तुम्ही फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांना विचारलं, "दादा, पाणी कुठं लागते तुम्हाले?" बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. तुम्ही उतरा, मी बसतो."

आणि बसलात. चपला खाली काढून, धुतलेल्या पांढऱ्या पायजम्यावर, बाबांच्या सीटवर, बाबांसारखेच थोडे पुढे वाकून. पोराला हाक मारली, "पाइप लाव. खालून सुरू कर. एकदम वरून टाकशील तर सगळीकडून वाहीन, काही समजणार नाही."

काका, तुम्हाला ते रोजचं असेल. मी बाहेर छत्री धरून उभी होते आणि काचेतून तुम्हाला बघत होते. खालच्या कडेला पाणी, तुम्ही मान हलवली, नाही. डावी बाजू, नाही. उजवी बाजू, नाही. मला वाटलं, आता हेही म्हणतील दाराची काच उघडी राहते. पोरानं पाइप उजव्या वरच्या कोपऱ्यावर नेला. तुम्ही हात वर केला, तिथंच धर. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. तुम्ही हलला नाहीत. मग तुम्ही गुडघ्याकडे पाहिलं. पांढऱ्या कापडावर ओला ठिपका पडला होता, मग दुसरा, मग तिसरा. तुम्ही अजून थोडा वेळ तसेच बसून राहिलात, भिजत. नंतर दार उघडून बाबांना म्हणालात, "दादा, बरोबर सांगत होता तुम्ही. अगदी इथंच पडते."

बस. पुढे जे काम केलं ते केलंच, पण माझ्यासाठी काम तिथं झालं होतं. बाबांचा चेहरा तुम्ही पाहिला की नाही माहीत नाही. मी पाहिला. तीन महिने जो माणूस स्वतःच्याच गुडघ्यावर शंका घेत होता, त्याला कोणीतरी स्वतः भिजून सांगितलं की तू बरोबर आहेस. घरी जाताना ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत बाबा गप्प होते. मग म्हणाले, "पायजमा पांढरा होता त्यायचा."

कारण तुम्ही मला समजावून सांगितलंत, ते इतरांच्या कामी यावं म्हणून लिहिते. काही चुकलं तर रागावा. दुकानदारानं रबर कमी पडत होतं ते ताणून बसवलं आणि जोड नेमका कोपऱ्यात घेतला. ताणलेलं रबर आपल्या मापावर परत येतं, त्यात आपलं मे महिन्याचं ऊन, त्यामुळे जोड उघडला. पाणी वर कोपऱ्यात शिरायचं, रबराच्या आतल्या आत खाली उतरायचं, आणि खाली पत्र्याची कड गंजून जिथं भोक पडलं होतं तिथून डॅशबोर्डमागे. शिरायची जागा वर, दिसायची जागा खाली, मधे दोन-अडीच फूट. निदान थोडं पाणी खालून बाहेर निघून जात होतं, ती वाट सिलिकॉनवाल्यानं बंद करून टाकली. म्हणून दुप्पट! हे ऐकून मी हसले, आणि मग चिडले.

काच तुम्ही अख्खी काढली, टवका न उडवता. सिलिकॉन खरवडलं, गंज घासला, रेड ऑक्साइड मारला. आणि म्हणालात, "आज नाही बसवत. रंग वाळू द्या, उद्या या." एक ट्रिप बुडाली, पण त्याचा हिशेब मी कधी मांडला नाही. दुसऱ्या दिवशी रबर ताणायच्या ऐवजी बोटभर जास्तच ठेवलंत आणि दाबून बसवलंत, जोड सरळ भागात. साबणाच्या पाण्यात भिजवलेली ती नायलॉनची दोरी आतून ओढत रबराची पाळी पत्र्यावर चढवताना तुमचा हात ज्या लयीत चालत होता, त्याचा मात्र व्हिडिओ काढायचा राहिला. शेवटी पुन्हा पाइप, आणि या वेळी सीटवर बाबांना बसवलंत.

रबराचे आणि मजुरीचे मिळून सातशे. आधीच्या लोकांनी मिळून साडेचार हजार नेले होते. मी हजार दिले तर तीनशे परत केलेत, वर चहा पाजलात.

आपल्या नागपुरात पत्ता विचारला तर माणूस नुसता हात दाखवत नाही, "चला, मी तिकडूनच जातो" म्हणतो आणि बऱ्याचदा तो तिकडून जाणार नसतोच. मला लहानपणापासून त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटायचं, सगळे असेच असतात. या पावसाळ्यात कळलं, सगळे नसतात. चुका कोणाच्याही होतात, दुकानदाराचीही झाली, त्याचा मला इतका राग नाही. पण समोरचा माणूस सांगतो आहे ते खरं असू शकेल, एवढं तरी धरून चालावं की नाही? तुम्ही तिथूनच सुरुवात केली. कौशल्य तर तुमच्याकडे आहेच, पण चपला काढून दुसऱ्याच्या सीटवर बसायला कौशल्य लागत नाही.

आईनं निरोप दिला आहे: आंबिया बहराची संत्री कळमन्यात यायला लागली की एक पेटी शेडवर पोचेल, पैशाचं नाव काढायचं नाही. गुडघ्याची ती पिशवी बाबांनी फेकू दिली नाही. त्यात आता मालाच्या बिल्ट्या ठेवतात.

आणि हो, डाव्या दाराची काच खाली-वर करताना मधेच अडकते. येऊ का एखाद्या रविवारी?

तुमची,
४०७ वाल्या दादांची मुलगी