नायट्याची ट्यूब आणि लहान पोरं

मा. संपादक,

पाऊस लागला की आमच्या खानापूर भागात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि घरोघर खाज सुरू होते. मागच्या पावसाळ्यात माझ्या दीड वर्षाच्या भाच्याच्या जांघेत लाल चट्टा उठला. बहीण मेडिकलमध्ये गेली, त्यानं पोराला न बघता ट्यूब काढून दिली, चिठ्ठी नाही काय नाही. तीन दिवसात खाज गेली, सगळे खूश. लावायची बंद केली की आठवड्यात चट्टा परत, आधीपेक्षा मोठा, मग परत ट्यूब, वरून डायपर, असं दोन महिने चाललं. शेवटी बेळगावला स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, अहो हा नायटा आहे, आणि ह्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक नि वर क्लोबेटासोल, म्हणजे लावायच्या स्टेरॉइडमधल्या सगळ्यात कडकपैकी एक. त्यानं लाली दबते पण नायटा पसरत राहतो, कडा पुसट झाल्यावर ओळखूही येत नाही. पोरांची कातडी पातळ, त्यात डायपरखाली औषध जास्तच आत मुरतं. भाच्याच्या जांघेत आता पांढरट रेघा पडल्यात, त्या जायच्या नाहीत म्हणे.

ही मलमं सरकारच्या शेड्यूल एच यादीतली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. 2018 मध्ये सरकारनं अजून 14 स्टेरॉइड त्यात घातली. ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं, पण इंग्लिशमध्ये, मुंगीएवढ्या अक्षरात. इकडं दुकानाच्या पाटीवरून केवढं रान उठतं, आमच्या ट्यूबवर कन्नडही नव्हतं न् मराठीही, त्याचं कुणाला काही नाही.

आता उलटंही झालं. आमचं ऐकून शेजारच्या आजींनी नातीची इसबाची ट्यूब फेकूनच दिली, पोरीनं रक्त येईस्तोवर खाजवलं. तिला डॉक्टरांनीच दिलेली साधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे सौम्य स्टेरॉइड होती, इसबाला तेच औषध लागतं! फक्त मोजून: मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ मोठ्या माणसाच्या हाताच्या, बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला पुरते, आणि सांगितलेत तेवढेच दिवस. बऱ्याच दिवसांपासून लावत असाल तर मनानं एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरला विचारा.

बहीण म्हणाली होती ती ट्यूब टाकून दिली. परवा बघतो तर दाजींच्या दाढीच्या डब्यात, टूथपेस्टसारखी बुडापासून गुंडाळत आणलेली.

- एक वाचक, खानापूर