चिऊच्या स्पर्धेबद्दल, आई-बाबांना

कर्वेनगर, पुणे
दिव्यांची अमावास्या

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा कानातलं मशीन काढून ठेवतात आणि आई "बरं, तिकडे पाऊस काय म्हणतोय" म्हणून विचारते. म्हणून लिहायला बसले. दादाला मोठ्या टायपात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, कारण बाबांना कागदावर छापलेलंच खरं वाटतं.

तर पाऊस झकास आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल बंद आहे आणि डेक्कनला जायचं म्हणजे शिक्षा आहे. तुमच्या बेडरूमच्या भिंतीला यंदाही ओल आलीय, सोसायटीचे सेक्रेटरी यंदाही "बघतो" म्हणालेत. आज देवघरातल्या समया घासून पुजल्या, कणकेचे दिवे केले. इकडची काळजी नको.

आता चिऊ. तिने तिथल्या मुलींच्या शिष्यवृत्ती स्पर्धेत भाग घेतल्यापासून, दादा सांगत होता, बाबा तिच्याशी बोलत नाहीत आणि आई रोज एकदा तरी "तू एवढी हुशार, तुला हे असलं कशाला" म्हणते. मग पोर जेवण अर्धं टाकून खोलीचं दार लावून घेते. नातीबरोबर राहायला म्हणून सहा महिने अमेरिकेत हंट्सव्हिलला गेलात आणि आता त्यातले दिवस अबोल्यात घालवताय!

बाबा, तुमचं कुठे बिनसलं ते माझ्या लक्षात आलंय. तुम्ही नेटवर शोधलंत आणि तुम्हाला स्पर्धा घेणाऱ्या संस्थेचं जुनं नाव दिसलं. 'ज्युनिअर मिस' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला इथून दिसतं. 1994 साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्यानंतर गल्लोगल्ली मिस अमुक, मिस तमुक सुरू झालं, तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करून आम्हाला पाढे म्हणायला बसवायचात. पण 2010 सालीच त्यांनी ते नाव टाकून दिलं. आता 'डिस्टिंग्विश्ड यंग विमेन' म्हणतात. 1958 पासून ही स्पर्धा चालू आहे, मुख्य ऑफिस तुमच्याच अलाबामात, मोबील गावी. आधी स्थानिक फेरी, मग राज्याची, मग जूनमध्ये देशभरच्या मुली मोबीलला जमतात. शाळेचं शेवटचं वर्ष तोंडावर असलेल्या मुलींसाठी आहे आणि भाग घ्यायला पैसे पडत नाहीत. पोहण्याचे कपडे नाहीत, मुकुट नाही, जिंकणाऱ्या मुलीच्या गळ्यात पदक घालतात. तुम्ही तिथल्या बातम्या बघता म्हणून सांगते, डायन सॉयर ही नावाजलेली पत्रकार 1963 ची विजेती.

मार्कांचं म्हणाल तर शंभरातले पंचवीस शाळेच्या अभ्यासाला आणि पंचवीस मुलाखतीला. म्हणजे निम्मी लढाई स्टेजवर पाऊल ठेवायच्या आधीच संपलेली असते. वीस मार्क गाणं, वाजवणं, नाच, जी कला असेल तिला. पंधरा फिटनेसला, म्हणजे सगळ्या मुली मिळून कवायतीसारखा व्यायाम करून दाखवतात. उरलेले पंधरा म्हणजे लोकांसमोर उभं राहून नीट बोलता येतं का ते. चिऊचे पहिले पंचवीस तर खिशात आहेत.

आता मला स्वतःला काय वाटतं तेही सांगते, नाहीतर म्हणाल पोरीची वकिली करतेय. शेवटच्या तीस मार्कांबद्दल माझ्याही मनात पाल चुकचुकते. व्यायामात दमसास बघतात आणि बोलण्यात आत्मविश्वास, हे कबूल, पण सतरा वर्षांच्या पोरी ओळीने उभ्या केल्यावर बघणाऱ्याची नजर तेवढंच बघते यावर माझा विश्वास नाही. मुलग्यांना शिष्यवृत्तीसाठी कोणी उड्या मारून दाखवायला सांगत नाही. हे मी चिऊलाही सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, मला माहितीये. पण मुलाखतीत मी हे बोलू शकते ना?" आता अशा पोरीला काय सांगणार?

पण बाबा, कोणी बघू नये म्हणून तुम्ही मला तरी कधी घरात ठेवलंत? चौथीच्या स्कॉलरशिपला पहाटे पाचला उठवून गणितं घातलीत, सातवीच्या वेळीही तेच. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमी रात्री अकरापर्यंत चालायच्या, तेव्हा शेजारच्या काकूंनी नाकं मुरडली आणि तुम्ही त्यांना "तिचं काम चांगलं होतंय" एवढंच म्हणालात. प्रयोगाच्या दिवशी भरत नाट्य मंदिराबाहेर रेनकोट घालून स्कूटरपाशी उभे होतात, आत येऊन बसा म्हटलं तर "मी आलो तर तू दडपशील" म्हणालात. आत पोरं 'अरे आवाज कुणाचा' म्हणून छप्पर उडवत होती. ते परीक्षकही मी कशी उभी राहते, कशी चालते, आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो का हेच बघत होते. त्याला आपण कला म्हटलं आणि मिळालेलं प्रशस्तिपत्र आईने फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. अजून आहे तिथे.

आणि एक स्पर्धा तर आपल्याच हॉलमध्ये झाली होती. ती काढू नये असं ठरवलं होतं, पण काढते. पहिलं बघायला आले होते तेव्हाची. मुलाच्या काकांनी मला आतल्या खोलीतून पाण्याचा तांब्या आणायला सांगितला, आणला, तर म्हणाले पेलाही आणा. टेबलावर भरलेले पाच पेले आधीच होते. चाल बघायची होती त्यांना. मग मुलाची आई ट्यूबलाइटखाली येऊन बसायला म्हणाली. परीक्षक पाच, प्रश्न दोन, एक स्वयंपाकाचा आणि एक चष्म्याच्या नंबराचा. एमएस्सीला काय विषय होता हे कोणी विचारलं नाही. तुम्ही दोघं तिथेच होतात. बाबांनी त्या रात्री जेवताना "त्यांना नाही कळवायचं" म्हटलं, त्याचं मला अजून बरं वाटतं. पण असं बघणं वाईट आहे हे आपल्या घरात तेव्हा कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. चिऊला तिथे निदान दहा मिनिटं प्रश्न विचारतील, आणि ते तिच्या डोक्यात काय आहे याबद्दलचे असतील.

आई, तू हुजूरपागेतली. 1884 साली रानडे, भांडारकर वगैरे मंडळींनी ती शाळा काढली तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमावर टीका करणाऱ्यांत खुद्द केसरी होता. मुलींना एवढं इंग्रजी कशाला, घरकाम कोण शिकवणार, हाच सूर. टिळकांना काही म्हणायची माझी प्राज्ञा नाही, तुम्ही दोघं मला घरात घेणार नाही. पण भल्याभल्यांनी 'हे असलं कशाला' म्हटलेल्या शाळेतच तू शिकलीस, एवढं लक्षात असू दे.

पैशांचं आता. बाबा, हे तुमचं खातं आहे आणि दादा-वहिनी इथे जरा भाबडेपणा करतायत असं मला वाटतं. स्थानिक फेरीत मिळून मिळून फार मोठी रक्कम मिळत नाही. काही बक्षिसं रोख शिष्यवृत्तीची असतात, काही कॉलेजांनी देऊ केलेली असतात. ही दुसरी मिळतात कधी, तर त्याच कॉलेजात प्रवेश घेतला तर. आकडा मात्र सगळा एकत्र छापतात. 'मिस अमेरिका'वाल्यांचं हेच 2014 साली एका टीव्ही कार्यक्रमाने उघड केलं होतं. ते वर्षाला साडेचार कोटी डॉलरच्या शिष्यवृत्त्या 'उपलब्ध' करतो म्हणायचे. कागद काढून बघितले तर एकाच कॉलेजची एकच शिष्यवृत्ती जितक्या मुली तितक्या वेळा मोजलेली, प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम त्याच्या पासंगालाही पुरणारी नाही. ती संस्था वेगळी, ही वेगळी, पण तुम्ही बँकेत तीस वर्षं कर्जाचे कागद तपासलेत. मंजूर किती आणि वाटप किती, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? ती पत्रकं मागून घ्या, पेन्सिल घ्या आणि खुणा करा. अबोला धरण्यापेक्षा हे बरं. वहिनीला अजून हे सगळं पत्रकावरच्या मोठ्या आकड्याएवढंच वाटतंय.

मुलाखतीची तयारीही तुम्हीच घ्या. रोज संध्याकाळी तिथल्या पेपरातली एक बातमी वाचायची आणि तिला उलटसुलट विचारायचं. आम्हाला अग्रलेखावर छळलंत तसंच. तुमच्या इंग्रजीला ती हसते, हसू दे. 'का' हा प्रश्न तुमच्यासारखा लागोपाठ विचारणारा माणूस तिला त्या अख्ख्या गावात मिळायचा नाही.

आई, खरी अडचण तुझ्याकडे आहे. दर रविवारी सकाळी तू इथून व्हिडिओवर पोरीचा आवाज तयार केलास, आणि आता समोर आहेस तर "या असल्यासाठी मी शिकवणार नाही" म्हणून बसलीस. परिणाम काय झाला माहितीये? तिने हिंदी सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवायला घेतलाय. तो तिला येत नाही. मला व्हिडिओ पाठवला होता, बघून मी विषय बदलला.

कलेला नव्वद सेकंद मिळतात. तू म्हणशील, एवढ्यात सा तरी लागतो का. मी हिशोब केलाय. आलाप नाही, बंदिशही नाही, दुर्गा रागातला तराणा घे. शब्दच नाहीत, त्यामुळे परीक्षकांना अर्थ कळायचा प्रश्न नाही. मिनिटाला 240 मात्रांची द्रुत लय धर. तीनतालाची पंधरा आवर्तनं एका मिनिटात, म्हणजे नव्वद सेकंदांत साडेबावीस. नवव्या मात्रेवरून मुखडा उचलला की ते वरचं अर्धं आवर्तन तिथेच जिरतं. उरली बावीस. स्थायी, अंतरा, परत मुखडा, चार ताना, शेवटी तिहाई घेऊन समेवर बंद. दादाच्या फोनवर तबल्याचं ॲप आहे, त्यावर लय बसवून रेकॉर्ड करा. ताना कुठल्या ते तू बघ, पण आठ-आठ मात्रांच्या नकोत, घाई वाटते. तिची अंतऱ्यात तार षड्जावर लय पुढे पळते, ते तुला माहीतच आहे. हे काम दुसऱ्या कोणाकडून होणार नाही आणि दिवस फार नाहीत.

एक भीती मात्र तुमची नाही, माझी आहे. 2013 च्या सप्टेंबरात नीना दावुलुरी ही तेलुगू घरातली मुलगी 'मिस अमेरिका' झाली, भारतीय वंशाची पहिलीच. तिने स्टेजवर आपल्याकडचा नाच केला होता. त्याच रात्री लोकांनी नेटवर तिला काय काय म्हटलं ते मी वाचलं होतं. अरब काय, अतिरेकी काय. चिऊचं पोरीपोरींचं छोटं प्रकरण आहे, इतकं काही होणार नाही. पण कोणी वेडंवाकडं बोललंच तर त्या दिवशी घरात येऊन तिने तुमच्यापुढे बोलावं, दार लावून बसू नये, असं मला वाटतं. आत्ता तिला दार लावायची सवय लागतेय, तीही तुमच्यामुळे. म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

नंबर येईल न येईल. तिथल्या मुली पाच वर्षांच्या असल्यापासून बॅले शिकतात म्हणे. कार्यक्रमाला दोघंही जा. बाबा, कोट घालू नका, ऑगस्टात तिथे मरणाचं उकडतं असं दादा म्हणतो, आणि या वेळी बाहेर थांबायचं नाही, आत बसायचं, मशीन कानात घालून. इकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ असेल, मी ऑफिसला दांडी मारते. रेकॉर्डिंग चालत असेल तरच दादाला करू दे, नाहीतर फोन करून नुसतं सांगा.

आणि आई, तुला हात जोडून सांगते, उन्हात खेळून पोर काळवंडलीय आणि स्टेजवर कशी दिसेल, हे वाक्य पुन्हा तिच्या कानावर जाता कामा नये. बेसन-दुधाची वाटीही नको. तुझं काम लय बघायचं.

तुमची,
माऊ