पाठीतलं पाणी काढायला सही द्या

मा. संपादक, स.न.

मेंदूज्वरावरची तुमची बातमी वाचली, चांगलीच होती, पण ‘जंतूंनी मेंदू पोखरला’ हे काय पटलं नाही म्हणून लिहितोय. मी लॅबमध्ये नोकरी केलीय, पाठीतल्या पाण्याच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं आणि तपासायला कमरेतून सुईनं काढतात त्या पाण्याच्या बाटल्या आमच्याकडेच यायच्या. एरवी हे पाणी एकदम स्वच्छ असतं, बॅक्टेरियाचा मेनिंजायटिस म्हणजे मेंदूज्वर असला की तांदळाच्या धुवणासारखं गढूळ येतं, आणि तो गढूळपणा बराचसा आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो बरं का.

होतं असं की न्यूमोकॉकससारखा जंतू रक्तातून मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरला की तिथं त्याला अडवणारं फारसं कोणी नसतं, तो भराभर वाढतो, मग त्याच्या कवचाचे तुकडे ओळखून आपल्याच पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन असली सूज आणणारी केमिकल्स सोडतात, त्यानं रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, पाणी आणि पांढऱ्या पेशी आत घुसतात, मेंदू सुजतो. कवटी काय ताणत नाही, मग प्रेशर वाढून मेंदूला रक्तच कमी पडतं. वर अँटिबायोटिकनं जंतू फुटले की तुकडे आणखी सुटतात! म्हणून तर पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबतच डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टिरॉइड देतात. २००२ ला युरोपातल्या मोठ्या माणसांवरच्या त्याच्या ट्रायलचा रिझल्ट आला, त्यात मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. ‘स्टिरॉइड नको’ म्हणून डॉक्टरशी भांडणाऱ्यांनी हे वाचावं.

पण खरी अडचण त्याच्याही आधीची. पाणी काढलं की पेशंट लुळा पडतो या भीतीनं नातेवाईक सहीच देत नाहीत, गावाकडं फोनाफोनी चालू होते आणि इकडं तास जातात. अहो, सुई कमरेत खाली टोचतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. दुखतं थोडं, कुणाकुणाचं डोकं धरतं काही दिवस.

हिब (मेंदूज्वराचाच आणखी एक जंतू) आणि न्यूमोकॉकसच्या लशी सरकारी दवाखान्यात बाळांना फुकट आहेत, पीसीव्ही म्हणजे न्यूमोकॉकसची लस तर २०२१ पासून देशभर मिळते, तेही छापा.

आणि पोरगं बरं होऊन घरी आलं की लगेच कानांची टेस्ट करा. या सुजेत आतला कान जातो, पुढं तिथं हाड धरलं की कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यायला कानात ऑपरेशननं बसवतात ते यंत्र, बसवणंही अवघड होतं, आणि घरचे मात्र म्हणत बसतात आजारपणात लाडावलाय, हाक मारली तर ओ देत नाही.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा