वॉकीटॉकीचा आवाज बारीक करणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

तुमचं नाव मला माहीत नाही. छातीवर बिल्ला होता, पण तो वाचायचं भान त्या वेळी कुणाला! तुम्ही मला 'मेट', म्हणजे मित्रा, म्हणालात, म्हणून मी तुम्हाला दादा म्हणतोय. फिट्टंफाट. ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, कर्मचाऱ्याचं कौतुक कळवायचा एक ऑनलाइन फॉर्म असतो, तो त्याच रात्री भरला. इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, 'व्हेरी हेल्पफुल' वगैरे. पाठवून झाल्यावर वाटलं, असं तर लोक फ्रिजबद्दलही लिहितात. म्हणून हे दुसरं पत्र, मराठीत. तुम्ही काही हे वाचणार नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी पोरांना घेऊन लंडनच्या ट्यूबमध्ये चढणारच.

स्टेशनाचं नाव मुद्दाम गाळलंय. ड्यूटीवर असताना वॉकीटॉकीचा आवाज बारीक करणं नियमात बसतं की नाही, देव जाणे. बसत नसलं तर माझ्या कौतुकापायी तुमची चौकशी लागायला नको.

आम्ही रेडिंगला राहतो. (नकाशावर 'रीडिंग' वाचून तिकीट मागणाऱ्या समस्त पाहुण्यांना नमस्कार.) बायकोची शनिवारी ड्यूटी असते, त्यामुळे शनिवार माझा आणि दोन पोरांचा, आणि शनिवार म्हणजे लंडन. रेडिंगहून फास्ट गाडी अर्ध्या तासाच्या आत पॅडिंग्टनला पोचवते. पण आमच्या आठ वर्षांच्या चिरंजिवांना ती चालत नाही. त्यांना एलिझाबेथ लाइनच लागते, ती जांभळी, तासभर रेंगाळणारी. ती थांबते म्हणूनच लागते. ट्वायफर्ड, मेडनहेड, टॅप्लो, बर्नम, स्लाव, लँग्ली, आयव्हर... दार उघडायच्या आधी स्टेशनाचं नाव त्याच्या तोंडून यायला हवं. आलं की सगळं जागच्या जागी आहे याची त्याला खात्री पटते.

पॅडिंग्टनला उतरलं की वर बघायचं. तिथल्या काचेच्या छतावर ढग छापलेत, छत आहे 120 मीटर लांब, आणि आम्ही ते या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो. मग ट्यूबची सर्कल लाइन. बेजवॉटर, नॉटिंग हिल गेट, हाय स्ट्रीट केन्सिंग्टन, ग्लॉस्टर रोड, साउथ केन्सिंग्टन, आणि तिथून पायी बोगद्यातून नॅचरल हिस्टरी म्युझियम. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये निळ्या देवमाशाचा 25 मीटरांचा सांगाडा टांगलाय, तो माझ्या धाकटीचा लाडका. लेकाला आत फारसा रस नसतो. त्याचं म्युझियम येतानाच बघून झालेलं असतं.

लेक ऑटिस्टिक आहे. त्याच्या गळ्यात हिरवी, सूर्यफुलांची पट्टी असते. 2016 साली गॅटविक विमानतळावर सुरू झालेली ही खूण म्हणजे, या माणसाची अडचण डोळ्यांना दिसणारी नाही, जरा सांभाळून घ्या. इथल्या लोकांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. हेच म्युझियम काही ठरावीक दिवशी सकाळी, गर्दीसाठी दारं उघडायच्या आधी, अशा मुलांना आत घेतं. 'डॉनोसॉर्स' म्हणतात त्याला. आम्ही दोनदा गेलोय, आणि दोन्ही वेळा मी तिथे इतर आईबापांचे चेहरे बघत बसलो होतो. कुणीच कुणाला सॉरी म्हणत नव्हतं.

पण आपल्या भेटीच्या तीन आठवडे आधीची गोष्ट सांगतो. एका ठिकाणच्या टॉयलेटमध्ये हात वाळवायचं मशीन धडधडत सुरू झालं आणि लेकाने कानांवर हात ठेवून किंकाळी फोडली. तिथली बाई आली. तिच्या मागच्या भिंतीवर 'इथे सर्वांचं स्वागत आहे' असं पोस्टर, कोपऱ्यात हेच सूर्यफूल. ती म्हणाली, 'याला बाहेर न्या, बाकीच्यांना त्रास होतोय.' बाहेर पाऊस होता. आम्ही गेलो बाहेर.

आणि परक्यांचं काय घेऊन बसलात. आपल्याच एका घरगुती जेवणावळीत एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, 'एक ठेवून द्या सणसणीत, ऑटिझम-बिटिझम सगळं पळतं.' आमच्या वेळी असली थेरं नव्हती, हेही झालंच. दादा, सगळे हसले, आणि मीही हसलो. त्या बाईचा राग मला केव्हाच विसरायला झालाय. माझं ते हसू मात्र अजून घशात अडकलेलं आहे.

आता आपला शनिवार. शनिवार-रविवारी लंडनमध्ये कुठे ना कुठे रुळांची कामं निघतात, म्हणून मी दर शुक्रवारी रात्री गाड्या कशा धावणार ते बघून ठेवतो. त्या शुक्रवारी बघितलं नाही. तुमच्या स्टेशनात गाडी थांबली आणि घोषणा झाली, ही गाडी पुढे जाणार नाही, सगळ्यांनी उतरा. सगळे उतरले. लेक बसूनच. 'अजून स्टेशनं राहिलीत,' तो म्हणाला, आणि खरंच राहिली होती. मी त्याला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. फलाटावर तो मटकन खाली बसला, कानांवर हात, डोळे मिटलेले, आणि तो एकसुरी आवाज सुरू झाला जो ऐकला की मला कळतं की आता अर्धा तास तरी गेला. धाकटीने माझी पँट घट्ट धरली. लोक वळसा घालून जात होते. मी 'ऊठ, ऊठ, ऊठ' करत होतो.

तुमचं नारिंगी जॅकेट दिसलं तशी मी सवयीने माफी मागायला सुरुवात केली. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही. चार पावलं लांब थांबलात. छातीवरचा वॉकीटॉकी खरखरत होता, कुणीतरी कुणाला तरी काहीतरी विचारत होतं. तुम्ही माझ्या मुलाच्या हातांकडे बघितलंत, कानांवर ठेवलेल्या त्या हातांकडे. मग स्वतःच्या छातीकडे. आणि वॉकीटॉकीवरचं ते बोटाएवढं बटण फिरवलंत. टिक.

आधी आवाज बारीक केलात, मग गुडघा टेकलात (तो कुरकुरला, मला ऐकू आलं), आणि मग बोललात. याच क्रमाने. दीड वर्ष वेटिंग लिस्टमध्ये काढून ज्या तज्ज्ञ बाईंकडे आमचा नंबर लागला, त्यांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं की आधी आवाज कमी करा. मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघही मारली. आणि त्या दिवशी फलाटावर सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तुम्हाला हे कुणी शिकवलं, का तुमच्याही घरात असं कुणी आहे, हे विचारायचं राहून गेलं. की नुसतं बघून कळलं तुम्हाला? तसं असेल तर मग मी काय बोलणार.

तुम्ही म्हणालात, 'ही गाडी इथे थांबायला नको होती. तुझं बरोबर आहे.' बस, एवढंच. मग गप्प. माझ्या तोंडावर 'बघ, अंकल काय म्हणतात' आलं होतं, पण तुम्ही हात जरासा वर केलात आणि मी गिळलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एक कान मोकळा झाला. तुम्ही खिशातून घडीचा नकाशा काढून फरशीवर पसरलात, त्याच्याकडे न सरकवता, दोघांच्या मधोमध. थोड्या वेळाने त्याचं बोट पॅडिंग्टनवर आलं.

'पहिली भुयारी गाडी इथून फॅरिंग्डनला गेली. 1863.'

'जानेवारी ना?' तुम्ही विचारलंत.

'दहा जानेवारी,' तो म्हणाला. जरा तुसडेपणानेच, म्हणजे गाडी रुळावर आली होती.

तिथून पुढे आम्ही कसे गेलो, किती चाललो, ते लिहीत नाही. देवमासा दिसला, धाकटी खूश झाली.

तुमच्याच ट्यूबमधली एक गोष्ट मला आधी ठाऊक होती, पण ती मी 'ठीक आहे, गोड आहे' म्हणून सोडून दिली होती. एम्बँकमेंट स्टेशनात नॉर्दर्न लाइनच्या एका फलाटावर 'माइंड द गॅप' (गाडी आणि फलाटामधली फट सांभाळा) असं सांगणारा जुना आवाज होता, ऑस्वाल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा. तो गेल्यानंतर त्याची बायको तो आवाज ऐकायला त्या फलाटावर जाऊन बसायची. पुढे नवी यंत्रणा आली आणि आवाज बंद झाला. तिने विचारणा केली, आणि 2013 मध्ये ट्यूबच्या लोकांनी त्या एका फलाटावर तो जुना आवाज परत सुरू केला. एका बाईसाठी. रोज लाखो माणसं वाहणाऱ्या या यंत्रणेत कुणाला तरी वाटलं की हे करायला हवं, आणि त्याने ते वरिष्ठांच्या गळी उतरवलं असणार, कुठल्या तरी फाइलवर कुणाची तरी सही झाली असणार. तुमचं काम त्या मानाने चिमूटभर, ना फाइल, ना सही. पण माणूस तोच. अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारखे लोक दर शनिवारी दोन पोरं, एक पट्टी आणि तीन पाण्याच्या बाटल्या घेऊन घराबाहेर पडायचं धाडस करतात. नाहीतर त्या टॉयलेटच्या प्रसंगानंतर आम्ही दोन शनिवार घरीच काढले होते. तिसरा तुमचा.

परवा धाकटी पडली, गुडघा फुटला, भोकाड पसरलं तिने. लेक शेजारच्या खोलीतून कानांवर हात ठेवून आला. एरवी तो दार लावून घेतो. तिच्यापासून चार पावलांवर थांबला, एक हात कानावरून काढला आणि आपल्या टी-शर्टवर छातीशी काहीतरी फिरवलं. 'टिक' असं तोंडाने म्हणाला. मग एक गुडघा टेकून बसला. बोलला काहीच नाही. ती रडायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात हातात कापूस घेऊन.

येत्या शनिवारी येतोय आम्ही. सर्कल लाइन चालू आहे. शुक्रवारची वाट न बघता आजच बघून ठेवलंय.

तुमचा,
जांभळ्या गाडीने येणाऱ्या मुलाचा बाबा